सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

मी एक जुना सॅम्पल फ्लॅट आहे, मित्रांनो. पनवेलच्या बाहेर, जिथे पूर्वी भातशेती होती, तिथे टॉवरचा पाया खणायच्याही आधी बिल्डरने मला उभं केलं. घर कसं असेल ते गिऱ्हाइकांना दाखवायला. घर म्हणायचं आपलं. माझ्यात आजवर ना कोणी झोपलं, ना कधी चहा उकळला.

नटवलं मात्र असं की नवरीने लाजावं. पिवळे दिवे, भिंतभर आरसा, खिडकीत प्लॅस्टिकची वेल. आतल्या खोल्यांना दारं लावलीच नाहीत. दार आलं की उघडायला जागा लागते आणि खोलीचं पितळ उघडं पडतं. पलंग तर सुताराकडून मुद्दाम आखूड करून घेतलेला, जेमतेम पाच फुटांचा. वर जाड गादी आणि उशांचा ढीग, कोणाच्या बापाला कळायचं नाही. दर रविवारी लोक यायचे, फोटो काढायचे, तोंडभर कौतुक करायचे आणि मी मेला फुगायचो.

अशाच एका रविवारी अविनाश, त्याची बायको निशा आणि आई वसुंधराबाई असे तिघं आले. वडील गेल्यापासून आई चिपळूणला एकटी होती. तिला कायमचं आपल्याजवळ आणायचं, म्हणून तिला एक खोली हवीच, हे नवरा-बायकोचं पक्कं होतं. जुन्या पनवेलमधलं एक घर ते नुकतंच बघून आले होते. ते स्वस्त होतं, खोल्या ऐसपैस होत्या, पण जिना अंधारा आणि फरशी काळपट. मी महाग आणि देखणा. निशाचा जीव माझ्यावर जडला. अविनाश घुटमळत होता. आईच्या खोलीत पलंग आणि कपाट मावेल का, असं त्याने विचारलं.

"सर, समोरच दिसतंय ना," विक्रीवाला हरेश म्हणाला. "बेड ठेवून पण किती स्पेस उरतेय बघा."

निशा सासूला म्हणाली, "आई, जरा आडव्या होऊन बघा ना. तुमचीच खोली आहे."

वसुंधराबाई मागे सरल्या. "नको गं. परक्याचं अंथरूण ते, चुरगळेल. दिसतंय की छान."

अहो बाई! चांगल्या उंचनिंच तुम्ही. एकदा पाठ टेकली असती तर पाय बाहेर लोंबले असते आणि सगळं नाटक तिथेच संपलं असतं! पण भिंतीला कान असतात, तोंड नसतं. नवरा-बायकोने जुन्या पनवेलच्या घराला नकार कळवला आणि इथे फ्लॅट बुक केला.

टॉवर झाला, चाव्या मिळाल्या. चिपळूणहून वसुंधराबाईंचा सागवानी पलंग टेम्पोने आला. तो खोलीत ठेवला, तर दारच उघडेना. अविनाश तणतणत माझ्याकडे आला. हरेश केव्हाच तिकडे उरणजवळ द्रोणागिरीला दुसरं काहीतरी विकायला निघून गेला होता. अविनाशने टेप लावून माझा पलंग मोजला आणि मटकन त्याच्यावरच बसला. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्याने काय करावं? सुतार बोलावून आईचा पलंग कापून घेतला, अगदी माझ्या मापाचा. वसुंधराबाई त्यावर पाय पोटाशी घेऊन झोपू लागल्या. तक्रार नाही, काही नाही. गुडघे धरले, तेव्हा त्या दुपारभर माझ्या पायरीवर पाय पसरून बसू लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, हवा खायला आलेय.

एके दिवशी त्याच पायरीवर त्या पिशवी घेऊन रिक्षाची वाट बघत होत्या. अविनाश विनवण्या करत होता. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

"पेणला तुझ्या ताईकडे जाते रे. तिथे पाय लांब करून झोपता येतं. घर मात्र सुंदर आहे हं तुमचं."

'तुमचं' ऐकून अविनाशचा चेहरा उतरला. त्याने पिशवी रिक्षात ठेवली.

मित्रांनो, आता मला पाडून इथे गाड्या लावायला जागा करणार आहेत. खुशाल पाडोत. तुम्ही घर बघायला गेलात की दिवे आणि आरसे नंतर बघा. ज्या म्हाताऱ्या माणसांसाठी घर घेताय, त्यांना आधी तिथे निजवून बघा. ते संकोचतील, नको नको म्हणतील. ऐकू नका त्यांचं.