मनकर्णेचा गुण्या

"ओढ वं, जरासं ओढ. बसते ते," गोपिका शेजारच्या पोरीला म्हणाली.

दोघींनी दोन्हीकडून कापड ताणलं, टाचण्या मारल्या, शिलाई घातली. उलगडून पाहिलं तर लाल त्रिकोणाचं टोक शिलाईत गडप झालेलं आणि शेजारचा पांढरा चौकोन पापडासारखा फुगलेला. गोपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तिसऱ्यांदा उसवायला बसली.

सक्करदऱ्याच्या महिला मंडळाचा शिवणवर्ग तो सगळा आठवडा नुसता उसवत होता. दिल्लीच्या हातमाग प्रदर्शनासाठी त्रिकोणांची एक मोठी गोधडी मागवली होती. विणकरांच्या सोसायटीनं त्यासाठी लाल आणि पांढरं कापड दिलं होतं, तेही मोजकंच. गोधडी साधली तर वर्गाचं अनुदान टिकणार होतं, नाहीतर चौऱ्याहत्तरच्या मार्चअखेर वर्गाला कुलूप लागणार होतं.

शिकवणाऱ्या यमुताईंकडे शिवणकामाचा डिप्लोमा होता. ब्लाउज, फ्रॉक, सदरा यांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण गोधडी त्यांनी जन्मात कधी शिवली नव्हती.

मनकर्णा वर्गात झाडलोट करायची, माठ भरायची. चाळिशी उलटलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. दोन दिवस तिनं पोरींचं उसवणं पाहिलं. तिसऱ्या दिवशी जमिनीवर पडलेला एक त्रिकोण तिनं उचलला, बोटांनी चाचपला आणि यमुताईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, रागावसाल तं नाही?"

"काय गं?"

"पोरींचं शिवणं बराबर हाय. कापणं चुकून राहिलं."

कापायचं माप यमुताईंचं होतं.

"सहा इंची तुकडा, दोन्हीकडं पाव इंच शिलाईला. साडेसहा," त्या म्हणाल्या. "ह्यात काय चुकलं?"

"चौकोनाले साडेसहा बराबर हाय. पन त्रिकोनाले दोन नाही, तीन बाजू असतेत. तिसरी तिरपी. तिचीबी शिलाई जाते, ते कोठून देसाल? मंग टोक खाल्ल्या जाते. पोरी वढतेत, अन् तिरपी बाजू म्हनजे उरेब कापड, वढलं का लांबते. मंग ते काही केल्या बसत नाही."

"मग किती ठेवायचं?"

"आकडा मले नाही येत, बाई. घरून गुण्या आनतो."

सुताराचा गुण्या सगळ्यांनाच माहीत होता, काटकोन पाहायचा. मनकर्णेनं आणलेला गुण्या मात्र वेगळा होता. सागाच्या पातळ फळीचा त्रिकोण, हाताळून गुळगुळीत झालेला, तिरप्या बाजूची दोन्ही टोकं जराशी छाटलेली. तिचा नवरा रुपराव लाकडाच्या वखारीत सुतार होता. लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं तिच्या गोधड्यांचीही टोकं अशीच शिलाईत जायची. शेवटी तिनं चांगला बसलेला एक जोड उसवला, पाण्यातून काढून सपाट केला आणि रुपरावपुढे ठेवला. "असा करून द्या." त्यानं केलेला पहिला गुण्या मोठा झाला, दुसरा लहान. सातव्या वेळी त्यानं करवत खाली ठेवली. "दाराची चौकट बसवनं सोपं हाय वं तुह्यापेक्षा!" आठवा बरोबर आला.

यमुताईंनी गुण्याच्या सरळ बाजूवर टेप धरली. सहा इंच आणि पुढे जवळजवळ एक इंच. एक बारीक रेघ कमी. त्यांनी स्वतः दोन त्रिकोण कापले, स्वतः मशीनवर बसल्या. जोड उलगडून त्यांनी चौकोनाशेजारी ठेवला. टोकाला टोक असं भिडलं होतं की मधे सुईसुद्धा शिरली नसती.

डिप्लोमाच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. मग त्यांनी कापायच्या टेबलावरची आपली मोठी कात्री उचलली आणि दांड्याकडून मनकर्णेपुढे धरली.

"तुम्ही कापा, मनकर्णाबाई."

'बाई' ऐकून पोरींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पन बाई, अर्धं कापड तं कापून झालं ना," गोपिका रडवेली झाली. "आता कोठून आनाव?"

मनकर्णेनं चुकलेले त्रिकोण मांडीवर घेऊन चळत लावली. "वाया काहून जाईन? मोठे होत नाही, तं लहान करू. पाच इंची करू सगळे. गोधडी लहान होईन, तं उरल्या पांढऱ्याची चौफेर रुंद किनार लावू."

पाच इंचीचा गुण्या रविवारी तयार झाला. या खेपेला रुपरावला पहिल्याच झटक्यात जमला. पुढचे सोळा दिवस मनकर्णा टेबलाशी उभी राहून कापत होती. प्रत्येक पोरीकडून कापून घेत होती, आणि उरेब बाजूला कोणी बोट लावलं की म्हणायची, "वढू नोको वं. उचल अन् ठेव. लेकरावानी."

गोधडी न्यायला हातमाग खात्याचे साहेब आले, कृष्णकांत नावाचे. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी करून पाहिली, चष्मा वर सरकवून एक-एक टोक तपासलं.

"यमुताई, हे काम तुमचं?"

यमुताई हो म्हणाल्या असत्या तर कोणी खोडून काढलं नसतं.

"नाही साहेब. मलाही ह्यांनीच शिकवलं," यमुताई म्हणाल्या. "कारागिराचं नाव लिहायचं असेल तर मनकर्णाबाई लिहा."

साहेबांनी चिठ्ठीवर तसं लिहून ती किनारीला टाचली. मनकर्णेला वाचता येत नव्हतं. तिनं गोपिकाकडून दोनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रुपरावला घेऊन स्टेशनवर गेली. कोणी बोलावलं नव्हतं. माल जाताना पाहायचा, एवढंच. हातगाडीवर प्रदर्शनाच्या पेट्या होत्या, पितळी भांडी होती आणि सगळ्यांच्या खाली गोणपाटात शिवलेलं तिचं गाठोडं.

"दादा, तेच्यावर वजन नोका ठेवू," ती हमालाला म्हणाली.

"क्या है इसमें?"

"गोधडी."

हमाल हसला. "गोधडी? दिल्ली में लोगों के पास गोधडी नहीं है क्या?"

"हाय ना," मनकर्णा म्हणाली. "पन अशी नाही."

हमालानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं सगळ्या पेट्या उतरवल्या, गाठोडं काढून खांद्यावर घेतलं आणि डब्यात सर्वांत वर, एकटंच ठेवलं.

शिट्टी झाली. गोधडी पुन्हा दिसणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. गाडी हलली तसा रुपराव बाहेरच्या दाराकडे वळला.

"चाल वं. गेली."

"थांबा," मनकर्णा डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली. "शेवटला डबा जाऊ द्या."