आणणाऱ्याचे नाते

माझ्या तोंडानेच माझा घात केला. शिव्यांमुळे झाला असता तर समजू शकलो असतो, त्या मी सढळ हाताने देतो. पण घात केला तो एका चांगल्या शब्दाने.

मी बेकरीचा टेम्पो चालवायचो. सकाळी सातला दुकानांत पावाचे ट्रे टाकत चाललो होतो. उभ्या गाड्यांच्या मधून एक म्हातारा एकदम पुढ्यात आला. ब्रेक दाबला, तरी लागलाच. लागला माझ्याच गाडीला, ते मी कधी नाकारलं नाही. उतरलो, त्याला उचललं, मागचे ट्रे सरकवून निजवलं आणि हॉस्पिटल गाठलं. वाटभर ओरडत होतो, "काका, डोळे मिटू नका!" त्याला जागं ठेवायला काहीबाही बडबडत होतो. माझ्या पोरीचं गणिताशी कसं वाकडं आहे, तेसुद्धा सांगून झालं.

खिडकीतल्या नर्सने विचारलं, "हे कोण तुमचे?"

"अहो, काका आहेत, आधी आत तर घ्या!"

आता तुम्हीच सांगा, रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला दुसरं काय म्हणतात? तिने रजिस्टरमध्ये 'आणणाऱ्याचे नाते' या रकान्यात लिहिलं, पुतण्या. स्ट्रेचर आत गेलं आणि मी सटकलो. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? नाव नाही, सही नाही, काही नाही. दुपारी टेम्पो धुतला, कारण त्यात लोकांच्या तोंडात जाणारा पाव असतो.

तिसऱ्या दिवशी पोलीस दारात. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात धडक दिसत होती आणि नंतर टेम्पो निघून जाताना दिसत होता. मधलं उचलणं टेम्पोच्याच आड गेलं होतं. धडक देऊन पळाला, असा गुन्हा लागला.

"साहेब, मीच नेलं त्यांना," मी म्हटलं.

साहेब हसले. "त्यांना त्यांच्या पुतण्याने नेलंय. रजिस्टरला नोंद आहे, पुढे त्याची सही आहे."

आणि काय नशीब बघा, म्हाताऱ्याला खरोखरच एक पुतण्या होता! म्हाताऱ्याच्या खिशात सापडलेल्या नंबरावर हॉस्पिटलने फोन केल्यावर तो तासाभराने उगवला. तोवर नर्सची पाळी बदललेली. नव्या नर्सने सही राहिलीय म्हणून रजिस्टर पुढे केलं, याने ठोकली. घरच्यांत लगेच बोभाटा, पुतण्या असावा तर असा. वर्षभर काकाच्या दाराकडे न फिरकलेला माणूस तो. फुकटचं कौतुक कुणाला कडू लागतं? आणि एकदा घशाखाली गेल्यावर ते ओकणार कसं?

माझ्या वकीलबाई तोंडाने तिखट, पण कामाला चोख. सगळं ऐकून म्हणाल्या, "टक्कल पडलेला प्रत्येक माणूस तुमचा काका का हो?" मग चष्मा काढून नीट समजावलं. "धडकेचं मी निभावून नेईन. म्हातारा अचानक आडवा आला, हे कॅमेऱ्यात दिसतंय. पण जखमीला टाकून पळालात असं ठरलं, तर आत जाल. तुम्ही त्यांना नेलंत, एवढंच दाखवायचंय आपल्याला."

एवढंच! हॉस्पिटलच्या फाटकावरचं चित्रण मागितलं, तर ते दर आठवड्याला पुसतात, आणि पुतण्याला केलेल्या फोनची नोंद कुणी ठेवलीच नव्हती. पहिली नर्स साक्षीला आली. बाई सरळ होती. म्हणाली, "ते काका म्हणाले, मी पुतण्या लिहिलं. चेहरा नाही आठवत." सरकारी वकिलाने तर टेम्पो धुणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, असाच हिशेब लावला.

मग पुतण्या पिंजऱ्यात चढला. "होय, मीच आणलं. टॅक्सीने." वकीलबाईंनी टॅक्सीचा नंबर विचारला. "अशा वेळी नंबर कोण बघतं, बाई?" हा त्याचा उलटा सवाल. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. माझं रक्त उकळत होतं, पण वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला होता.

शेवटची आशा म्हातारा. काठी टेकत आला. वकीलबाईंनी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला कुणी आणलं, आठवतंय का?"

"नाही. शुद्ध नव्हती मला."

संपलं. सुनावणी उठल्यावर तो बाहेर बाकावर एकटाच बसला होता, पुतण्या गाडी आणायला गेला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. खूप काही बोलायचं होतं, पण तोच आधी बोलला.

"जमायला लागलं का मुलीला गणित?"

"म्हणजे सगळं आठवतंय तुम्हाला! मग आत का नाही सांगितलंत?"

त्याने पाय पुढे केला. "यात सळई आहे. संडासला नेतो तो, आंघोळ घालतो तो. त्याला खोटं पाडून रात्री कुणाच्या घरी जाऊ? तू मला हॉस्पिटलपर्यंत नेलंस रे. पुढे कोण नेणार?"

"मी आत गेलो तर माझ्या घरच्यांचं काय?" मी ओरडलोच. म्हातारा रडायला लागला. रडू दे, मला काडीची दया आली नाही.

तेवढ्यात पुतण्या आला. मला बाजूला सारून त्याने म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला, दुखरा पाय सांभाळत त्याला अलगद उठवलं आणि पायरी पायरीने खाली नेलं. चांगला नेला, मेल्याने. त्याचाच मला जास्त राग आला.

वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी म्हाताऱ्याला पुन्हा साक्षीला बोलावलं. तो पुन्हा म्हणाला, शुद्ध नव्हती.

दोन वर्षांची सजा लागली. लायसन गेलं ते वेगळंच.

पहिल्या भेटीला बायको पोरीला घेऊन आली. जाळीपलीकडून पोरीने विचारलं, "बाबा, पुन्हा कुणी रस्त्यात पडलेलं दिसलं तर उचलशील ना?"

मी म्हटलं, "अभ्यास कर."