कोऱ्या पाठीचं पान

एकोणीसशे एक्याऐंशी सालच्या एका दुपारी थोरलीने खिळा उचलला, भुशाच्या पिशवीवर उलटं ठेवलेलं, चुन्यात घडवलेलं पान जवळ ओढलं, आणि पाठीवर सालाचा आकडा कोरायला म्हणून वाकली ती तशीच थांबली. पान तिचं नव्हतं. धाकट्या जावेचं होतं. घरून निरोप आला होता की पोर तापाने फणफणली आहे, आणि धाकटी हातही न धुता धावत सुटली होती.

चुना अजून ओलसर होता. तासाभरात तो कडक झाला असता, मग खिळा चालला नसता.

थोरलीने पान सुलटं केलं. बघायचं नव्हतं तिला, पण केलं.

काम चाललं होतं ते वाचनालय शंभरी ओलांडलेलं. शेजारी बारा मजल्यांची इमारत उठत होती, तिचा पाया खणताना बसलेल्या हादऱ्यांनी वाचनाच्या दालनाचं छत खिळखिळं झालं होतं. छताच्या कडेने चुन्याच्या पानांची वेल होती आणि मधोमध परातीएवढं फूल. फुलाचा तर पडून चुराच झाला होता. काही पानं शाबूत उतरवली होती, काही नव्याने घडवायची होती. सासरे जुने गवंडी. त्यांच्या दोन्ही मुलांनी थापीला हात लावला नाही, एक बस चालवायचा, दुसरा दवाखान्यात कंपाउंडर होता. तेव्हा सासऱ्यांनी हट्टाने सुनांना शिकवलं. थोरली बारा वर्षं शिकत होती. धाकटीला जेमतेम दोन झाली होती.

आणि दोन वर्षांत तिने हे पान घडवलं होतं.

कडा किंचित वळलेली, जणू वाऱ्याने आत्ताच उलटली असावी. मधली शीर टोकाला जाताना बारीक होत होत कुठे संपली ते कळत नव्हतं. जुन्या तुकड्यांची पूड चुन्यात मिसळायची हे सासऱ्यांनी दोघींना एकदमच सांगितलं होतं, पण रंग असा हुबेहूब जुन्यासारखा उतरला होता तो हिच्याच हाताने. थोरलीने शेजारचं स्वतःचं पान पाहिलं. चांगलं होतं. तिची पानं नेहमीच चांगली असत.

कामाचा नियम साधा होता. नव्या पानाच्या पाठीवर साल कोरायचं, जुन्याची पाठ कोरी राहू द्यायची. पुढे कधी कोणी छत उतरवलं तर मूळचं कुठलं आणि मागून केलेलं कुठलं, हे त्याला कळावं. उद्या पुरातत्त्व खात्याची तपासनीस येणार होती, सगळे तिला भिंगवाली म्हणत. ती नवी पानं बघून ठरवणार होती की मधलं फूल कुठल्या सुनेने करायचं. सासऱ्यांनी अंग काढून घेतलं होतं. म्हणाले होते,

"मी एकीचं नाव घेतलं तर घरात दुसरी मला चहा देणार नाही. परक्या माणसाने सांगितलेलं बरं."

थोरलीने पान पुन्हा उलटं केलं. खिळ्याचं टोक चुन्यापासून बोटभर अंतरावर होतं. मग तिने खिळा पदराला पुसला, डब्यात टाकला, आणि पान उचलून पलीकडच्या टेबलावर जुन्या पानांच्या रांगेत ठेवून दिलं. दाराशी सासरे घमेलं घेऊन उभे होते. ते कधीपासून उभे होते ते तिला कळलं नाही. ते तसेच चुना भिजवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भिंगवालीने एकेक पान उलटून पाहिलं. मोजदादीचं कोणाला काही वाटलं नाही, कारण कपाटांमागे अधूनमधून एखादं शाबूत पान सापडतच होतं. जुन्यांच्या रांगेत ती एका पानापाशी थांबली, भिंग लावून बराच वेळ पाहत राहिली.

"असा हात आता होणे नाही," ती म्हणाली. "हे जपून बसवा हो."

"बसवते," थोरली म्हणाली.

"आणि नव्यात ही पानं कोणाची? सफाई आहे."

"माझी."

"मग फूल तुम्हीच करा."

धाकटी पाचव्या दिवशी आली, पोरीचा ताप उतरल्यावर. परांचीवर चढली, वेलीत बसलेल्या आपल्या पानाकडे मान वर करून पाहिलं. थोरलीच्या हातातली थापी थांबली. धाकटी खाली उतरली, पदर खोचला आणि विचारलं,

"जाऊबाई, फुलाच्या पाकळ्यांना चुना चाळून देऊ का?"

महिनाभर तिने चुना चाळून दिला. एका शब्दाने विचारलं नाही. थोरलीला वाटलं, ही पोटात ठेवून आहे, कधी ना कधी काढेल. त्या धास्तीत तिने पुढची कित्येक वर्षं धाकटीशी सरळ बोलणंच टाळलं.

छत्तीस वर्षांनी वाचनालयाचं छत पुन्हा गळलं. या वेळी नवी माणसं आली, नवी यंत्रं आली. सगळी वेल उतरवून पाठी बघायच्या, साल असेल तिथे साच्यातलं बसवायचं आणि मूळचं तेवढं राखायचं, असं ठरलं. उद्घाटनाला धाकटीची मुलगी दोघींना गाडीत घालून घेऊन गेली. दालनात शिरताच समोर काचेची पेटी होती. आत निळ्या मखमलीवर एकच पान. खाली लिहिलं होतं, 'मूळ काम, कारागीर अज्ञात.'

"बघा, कुठे जाऊन बसलंय," धाकटी म्हणाली.

थोरलीने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तुझं आहे ते."

"मग? मला माहीत नाही होय?"

"साल मी कोरायला हवं होतं. खिळा हातात होता माझ्या."

"तेही माहीत आहे. मामंजींनी तेव्हाच सांगितलं. म्हणाले, थोरलीने मुद्दाम पाठ कोरी ठेवली, जुन्यात शोभेल असं आहे म्हणून. यापुढे तुला कोणाच्या शाबासकीची गरज नाही." धाकटी हसली. "तुम्ही तोंडाने कधी कोणाला चांगलं म्हणायच्या नाहीत. म्हटलं, असू दे, ही त्यांची तऱ्हा. आयुष्यभर पुरलं हो मला ते."

थोरलीने तोंड उघडलं. काचेत दोघी शेजारी शेजारी दिसत होत्या.

"पाय भरून आले," ती म्हणाली. "कुठेतरी बसू या."

सासरे पहिलं काम संपल्यावर दीड वर्षाने गेले, शेवटपर्यंत दोन्ही सुनांच्या हातचा चहा पीत. भिंगवालीने निवृत्त झाल्यावर जुन्या छतांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याच्या मुखपृष्ठावर ते पान आहे. मधलं फूल उतरवताना दुभंगलं, पाठीवर साल होतं म्हणून कोणी हळहळलं नाही. धाकटी अजून आठवड्यातून तीन दिवस मुलामुलींना चुन्याचं काम शिकवते, आणि प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी आपल्या मोठ्या मनाच्या जावेची गोष्ट सांगते.

थोरली त्या उद्घाटनानंतर सहा वर्षं जगली. शिकणारी मुलं कधीकधी तिला भेटायला यायची, ती गोष्ट तिच्या तोंडून ऐकायची म्हणून. ती त्यांना बसवायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "तिलाच विचारा. तेही ती माझ्यापेक्षा चांगलं करते."