मातीवरची चादर

मित्रांनो, पुलाजवळच्या चौकातला पुतळा समितीला पटला तर अध्यक्षांना उद्घाटन मिळणार होते आणि शिल्पकार बाईंना आयुष्यातला पहिला मोठा चौक. मला काय? आणखी डाग! मी एक जुनी चादर आहे. बाईंच्या आत्याच्या पलंगावर बारा वर्षे काढली, विरले आणि कार्यशाळेत आले.

मातीचा पुतळा वाळला की तडकतो. म्हणून दिवसातून तीनदा मला भिजवून त्याच्यावर पांघरत. माझ्याखाली आधी वाचनालयासाठी पुस्तकात बुडालेली मुलगी घडली. तिच्या एकाच पायात चप्पल आहे. वाचण्याच्या नादात दुसरी कुठे राहिली, तिला पत्ताच नाही, असा त्याचा अर्थ. लोक म्हणत, "बाई दुसरी करायला विसरल्या!"

पुलासाठी दगडावर बसलेला मजूर हवा होता. समितीचा हट्ट एकच, त्याचा हात आभाळाकडे हवा. हात म्हणजे प्रगती! बाईंना ते पटत नव्हते, तरी आठ महिने त्यांनी तो हात उंच धरला. मग चौथऱ्याचा दगड निवडायला दोन दिवस खाणीवर जाताना आत्याला बजावले, "चादरीकडे लक्ष ठेव हं."

आत्याने ठेवले. इतके, की मला साबण लावून खळखळून धुतले आणि उन्हात वाळत घातले! खोटे कशाला बोलू, दोरीवर झुलताना मला बरेच वाटत होते. आत मजूर वाळत होता.

बाई परतल्या त्या सकाळी जाडजूड धड कसेबसे तगले होते, पण बारीक हाताचा जमिनीवर चुरा झाला होता. वर उरली नुसती आतली तार. चार वाजता समिती येणार होती. नापसंती म्हणजे काम दुसऱ्याच्या हाती.

"अगं, किती मळली होती ती!" आत्या रडवेली झाली.

"ओली ठेव, असं मीच सांगायला हवं होतं."

आत्या मटकन स्टुलावर बसली, हात मांडीवर टाकून. "चुकलंच माझं. पण खरं सांगू? आठ महिने हात वर! माणसाचा हात भरून येत नाही का गं?"

बाई बघतच राहिल्या. "आत्या, हलू नकोस."

"का? पाल आहे?"

"हलू नकोस म्हणते ना!"

बाईंनी तार खाली वाकवली आणि ओल्या मातीचे गोळे भराभर चढवायला घेतले.

चार वाजता अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हात खाली? मग प्रगती कुठे गेली?"

बाईंनी हाताची माती पुसली. "साहेब, पूल बांधून झालाय. आता या माणसाला जरा टेकू द्या की."

अध्यक्षही खुर्ची ओढून बसले, गुडघा चोळत म्हणाले, "खरंय. टेकू द्या बिचाऱ्याला."

बाईंनी सोडलेल्या श्वासाने माझी टोकेसुद्धा हलली.

आज पुलाजवळ, धातूत ओतलेल्या त्या मजुराशेजारी दमलेली माणसे घटकाभर बसतात. मित्रांनो, मळलेली वस्तू कामातून गेलेली नसते. धुण्याआधी, फेकण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा.

अध्यक्षांना भाषण मिळाले, बाईंना टाळ्या, मला नवे डाग. भरपाई तेवढी आत्याने केली: पाच तास, मांडीवर हात ठेवून, चहाचा घोटही न घेता.