आधी लेकीला द्या

अस्मिताने हेडसेट काढून टेबलावर आपटला आणि लगेच पुन्हा कानाला लावला. सीवूड्सच्या या ऑफिसातून ती गावाकडच्या बाळंतिणींना व्हिडिओ कॉल करून तब्येत विचारायची. यादीत एकवीस जणी होत्या आणि मराठवाड्यातली एकटी पायल तिचं डोकं खात होती. तीन दिवस फोन पायलची आई गोजराबाईच उचलायची, कॅमेरा छताकडे धरायची आणि लेकीच्या वतीनं उत्तरं द्यायची.

"मावशी, पायलला द्या ना फोन. दोनच मिनिटं."

"तुमी इचारा की बाई, मी सांगते. बाळ चांगलं पितंय. पायल बी जेवती."

"बाळंतीण तुम्ही आहात का? तिलाच विचारायला नको?"

"बाळंतिनीनं मोबाइल बघू न्हाई."

अस्मिताने कपाळावर हात मारला. चार वर्षं नर्सिंग शिकून आपण रोज एका बाईकडे मोबाइल मागत बसतो, याचा तिला मनस्वी संताप आला. शेजारच्या ऋताने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने परत सरकवली.

"बघितल्यानं काही होत नाही, मावशी."

"व्हत न्हाई कसं? जावई तळोज्याला कामाला. धा दिस सारखी त्यांच्यासंगं फोनवर. सोमवारपासनं तिच्या डोळ्यापुढं अंधारी याया लागली. डोस्कं ठनकायलंय. म्हनून तर फोन काढून घेतला."

अस्मिताचा राग कुठल्या कुठे गेला.

"पाय, तोंड सुजलंय का तिचं?"

"सुजलंय. वली बाळंतीण हाय, सुजनारच की."

तिने गावाचं नाव आणि गोजराबाईच्या फोनचा नंबर कागदावर लिहून तो ऋताकडे ढकलला. ऋता एकशे आठला फोन लावू लागली.

"मावशी, हे मोबाइलनं झालेलं नाही. तिचं प्रेशर वाढलं असणार. झटके येऊ शकतात. मी ॲम्ब्युलन्स बोलावतेय."

मग छत हललं आणि पडद्यावर एक सुजलेला चेहरा आला. तो कॅमेऱ्याच्या जरा बाजूलाच बघत होता.

"मॅडम," पायल म्हणाली, "मी कधीची सांगायलेय, मला बोलू द्या म्हणून. मला लई भ्या वाटायलंय."

अस्मिताला तिच्याशी खूप बोलायचं होतं. तेवढ्यात ऋताने खुणावलं. गाडी निघाली होती, पण ड्रायव्हरला घर ठाऊक नव्हतं आणि रस्ता विचारायला त्याने लावलेला हा नंबर सारखा बिझी लागत होता.

"पायल," अस्मिता शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "फोन ठेव आणि आईकडे दे. गाडीवाल्याला रस्ता त्याच सांगतील."