हुकूम कुणाचा

राष्ट्रपतीबाई पूर्वी कॉलेजात कायदा शिकवायच्या. सैन्याचे सर्वोच्च सेनापती राष्ट्रपती, पण चालायचं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं, हे त्यांनी कैक मुलांच्या डोक्यात भरलं होतं. मुलं हसायची, "म्हणजे भिंतीवरची तलवार, बाई."

पदकदानाच्या दिवशी एक मावशी पुढे आली. आईबापाविना भाचा तिनं शिवणकाम करून वाढवला होता. शेजारच्या देशात शांतता राखायला गेलेल्या तुकडीत तो मारला गेला. बाईंनी पदक तिच्या हातात ठेवलं, पण ती जागची हलेना.

"त्याला तिकडे धाडायचा हुकूम तुमचाच ना?" पत्ता विचारावा तसं तिनं विचारलं.

लष्करी सचिव खाकरला. निर्णय सरकारचा, मी नामधारी, हे उत्तर बाईंच्या जिभेवर होतं, आणि ते खोटंही नव्हतं. तुकडी धाडायची फाइल त्यांनी एकदा शंका काढून परत पाठवली होती. ती जशीच्या तशी परत आली, तेव्हा सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण हिला कलमं काय सांगायची?

"हो. माझ्या सहीनं निघाला."

"मग कशासाठी, तेवढं सांगा."

"ज्यांनी ठरवलं, त्यांनाच तुमच्याकडे यायला सांगते."

पंतप्रधान भेटीला आले तेव्हा बाईंनी मावशीकडे जाऊन यायचा विषय काढला. ते अवघडून म्हणाले, "राष्ट्रपतींनी असं सांगायची प्रथा नाही."

"मी सांगत नाहीये. मला एक शिपाईसुद्धा इकडचा तिकडे हलवता येत नाही, ठाऊक आहे. पण विचारता येतं. तुम्ही जाऊन येईपर्यंत दर भेटीत विचारीन."

दोन भेटी त्यांनी चालढकल केली. मग गेले. शिलाईयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी कारणं सांगितली. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला नाही पटलं." पण त्यांना दारापर्यंत सोडायला आली.

पुढच्या वेळी सैन्य धाडायची फाइल आली, ती घेऊन पंतप्रधान स्वतःच आले. बाईंनी चष्मा पुसला. "बसा," त्या म्हणाल्या. "मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगा."

ते सांगू लागले. सांगता सांगता 'कशासाठी' यापाशी अडखळले, आणि ती फाइल त्यांनी आपणहून परत नेली.