बसल्या उंचीचं माप

माणसाचा शब्द फिरतो, लाकडाचं माप फिरत नाही, असं सुतार येताजाता म्हणायचा. ऐकणारा कंटाळला तरी म्हणायचा. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या घरी कपाटं बसवली होती आणि एकदाही फळी आखूड पडून परत न्यावी लागली नव्हती. फूट, इंच आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, या तिघांवर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा. देवाकडे तसं त्याने फारसं काही मागितलंही नव्हतं. बायको आजारी पडल्यावर मागितलं, तेव्हा देवाने कानांवर हात ठेवले.

बायको पोस्टात होती. बावीस वर्षं खांद्याला पिशवी लावून या शहराचे निम्मे जिने तिचे चढून झाले होते. उंचपुरी, ताडताड चालणारी बाई. कुठल्या घरचं कुत्रं चावतं आणि कुठल्या घरचा मालक, हे तिला तोंडपाठ. मग आधी पायांतलं बळ गेलं आणि हळूहळू कमरेखालचं सगळंच गेलं. डॉक्टरांनी आजाराला लांबलचक नाव दिलं आणि औषध म्हणून धीर दिला. गेली तीन वर्षं ती तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चाकांच्या खुर्चीवर होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. त्या भिंतीवरचा पाइप किती पकडींनी धरलाय, ते तुम्ही तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

पहिलं वर्ष तो तिला उचलून टॅक्सीत बसवायचा. मग त्याची पाठ गेली. पलंगाच्या वर छताला त्याने साखळीचा झोळा टांगला, त्यात घालून तिला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेता यायचं. पण झोळा काही रस्त्यावर नेता येत नाही.

अशा माणसांसाठी एक गाडी मिळते. मागचं दार वर उघडतं, उतरती फळी जमिनीला टेकते, आणि खुर्ची माणसासकट आत ढकलायची. या राज्यात ती कुणी ठेवत नव्हतं. "मागणी नाही हो," असं चार दुकानदारांनी सांगितलं, जणू मागणारा त्यांच्यासमोर उभाच नव्हता. शेजारच्या राज्यात, एका दिवसाच्या प्रवासावर, एका विक्रेत्याकडे एक कोरी गाडी उभी होती. सुताराने मोठं रंधा मशीन विकलं आणि फोन लावला.

"काका, गाडी एक नंबर आहे," विक्रेता म्हणाला. फोनचा आवाज मोठा ठेवलेला, बायकोही ऐकत होती. "फक्त एक बघा. मागच्या दाराची उंची चार फूट सहा इंच. बाई खुर्चीत बसल्यावर डोकं त्याच्या वर जात असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. एकदा बाईंना घेऊनच या ना इकडे."

"अहो, तिला आणता आलं असतं तर तुमची गाडी कशाला लागली असती?"

"तेही खरंच," विक्रेता म्हणाला. "मग माप कळवा. लेखी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराने टेप काढला. बायको खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल, केस विंचरलेले. त्याने टेपचं टोक जमिनीवर पायाने दाबलं आणि तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली. चार फूट पाच इंच सहा सूत. त्याने पुन्हा मोजलं. तेच. दोन सुतांची जागा होती.

"जमतंय!" तो ओरडलाच.

"बघा बाई नीट," ती म्हणाली.

"मला सांगतेस?"

तिने मान खाली घातली. त्याला वाटलं, आनंद झाला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण टेप हातात आला की सुताराला समोरचं माणूस दिसत नाही, आकडा दिसतो.

गाडी हातात यायला दीड महिना गेला. त्या राज्याला या राज्याचा कागद हवा, या राज्याला त्या राज्याचा, आणि दोन्हींकडचे कारकून जेवायला गेलेले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी गत. शेवटी सुतार रात्रभर बसमधून गेला, विक्रेत्याने पुढे केलेल्या प्रत्येक पानावर सही केली आणि निघाला. एका पानावर लिहिलं होतं, उंचीचं माप ग्राहकाने स्वतः दिलं आहे. ती सही तर त्याने जरा झोकातच केली. राज्याची हद्द ओलांडताना त्याने एकट्यानेच गाडीत शीळ घातली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी गाडी दाराशी लागली. शेजारी बाहेर आले. सकाळची बाई, म्हणजे बायकोचं अंघोळपाणी करणारी, तीही काम संपलं असूनही थांबली होती. बायकोने पोस्टातलं जुनं जाकीट घातलं होतं. सुताराने दार वर केलं, फळी टेकवली आणि खुर्ची ढकलली.

टक् असा आवाज झाला. तिचं कपाळ दाराच्या वरच्या कडेला आपटलं होतं.

"अगं, जरा वाकव ना मान."

त्याने खुर्ची मागे घेतली, पुन्हा ढकलली, या वेळी हळू. कपाळ तिथेच अडलं, आत जायला चांगली चार बोटं कमी. खुर्ची मागे कलंडवून बघितली, तर पायांच्या पट्ट्या फळीला अडल्या. शेजाऱ्यांनी चार सल्ले दिले आणि एकेक करून घरात गेले. लोकांना दुसऱ्याची फजिती बघवत नाही म्हणतात, पण ते बघून झाल्यावर.

सुताराने टेप आणला. चार फूट आठ इंच सहा सूत. तीन इंच वाढले होते. पंचावन्न वर्षांची बाई दीड महिन्यात तीन इंच वाढत नाही. म्हणजे चूक त्याची.

त्याने विक्रेत्याला फोन केला. विक्रेता गोडच बोलला. "काका, माप तुमचं, सही तुमची. आणि गाडी एकदा हद्दीबाहेर गेली की आमच्यासाठी ती जुनी. गाडीचा तळ खाली घ्यायचा तर टाकी आडवी येते, छत वर करायला कंपनीची परवानगी नाही. मी तरी काय करू?" तीन गॅरेजवाल्यांनी गाडीखाली डोकी घालून तेच सांगितलं.

मग सुतार बसला तो बसलाच. बायकोच्या मापात तीन इंच चुकतात, तर लोकांच्या घरी काय काय चुकलं असेल? तो जुनी वही काढून आकडे वाचत राही. कारखान्यात एक फळी कापायला घेतली, तर दहा वेळा मोजली, अकराव्यांदा मोजली आणि न कापताच करवत खाली ठेवली. एक गिऱ्हाईक घरी आलं, मुलीच्या खोलीत कपाट हवं म्हणून. सुताराने त्याला दारातूनच परत पाठवलं.

"दुसरा बघा. माझ्या मापावर माझाच भरवसा राहिला नाही."

आतल्या खोलीत बायकोने हे ऐकलं. गिऱ्हाईक गेल्यावर तिने त्याला हाक मारली.

"अहो, इकडे या. बसा."

तो बसला.

"तुमचं माप चुकलं नव्हतं."

"उगाच समजूत घालू नकोस."

"समजूत नाही. त्या दिवशी मी खुर्चीतली उशी काढून ठेवायला लावली होती. सकाळच्या बाईला सांगितलं, खोळ धुवायची आहे. तुम्ही आलात तेव्हा मी नुसत्या पट्ट्यांवर बसले होते."

सुताराने तिच्या खुर्चीकडे पाहिलं. ती जाड, हवेच्या कप्प्यांची उशी रात्रंदिवस त्या खुर्चीत असायची, इतकी की त्याला ती दिसेनाशी झाली होती. त्या उशीशिवाय तिला बसवायचं नाही, हा डॉक्टरांचा पहिला नियम. मागच्या साली एकदा बसली होती, तर बसायच्या जागी जखम झाली आणि चार महिने पालथं पडून राहावं लागलं.

"का?" त्याने विचारलं.

"फोनवर ऐकलं ना मी. चार फूट सहा इंच. मला माझी उंची माहीत आहे. खरं माप दिलं असतं तर तुम्ही फोन ठेवला असतात आणि मी ही भिंत बघत मेले असते. वाटलं, दारातून जाताना मान वाकवेन. एवढंच ना? तीन इंच."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा दिवस तो स्वतःला जाळत होता आणि ही बघत होती. "मग वाकवायची होतीस ना! मी ओरडून सांगत होतो, वाकव, वाकव! सगळी आळी बघत होती!"

"बघा," ती म्हणाली.

तिने डोळे मिटले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ आवळले गेले, खुर्चीच्या हातांवरची बोटं पांढरी पडली. हनुवटी एक सूतभर खाली आली आणि तिथेच राहिली.

"मोजलंत त्या दिवशी मान वाकत होती," ती म्हणाली. "तुम्ही गाडी आणायला गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात थांबली."

सुताराचा राग कुठल्या कुठे गेला, आणि तो गेला याचंच त्याला वाईट वाटलं, कारण रागाच्या जागी जे आलं ते सोसण्यासारखं नव्हतं. आजार कमरेशी थांबला आहे असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. आजाराला कुणी विचारलं नव्हतं.

"उशी काढा," ती म्हणाली.

"काय?"

"उशी काढा आणि मला बाहेर न्या. आत्ता."

"डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे ना? आत गेल्यावर तरी उशी कशी घालणार? मला उचलता येत नाही, झोळा गाडीत मावत नाही."

"नका घालू. आज मान गेली. उद्या काय जाईल ते घरात बसून बघू का आपण?"

झोळ्यात तिला अधांतरी धरून त्याने उशी काढली. खुर्ची फळीवरून वर गेली आणि तिचं डोकं दाराखालून सुटलं, वर दोन सुतं राखून. त्याचं माप अगदी बरोबर होतं. अशा वेळीही त्याला ते जाणवलं, आणि स्वतःची लाज वाटली.

अर्धा तास, असं ठरलं होतं. पण पहिल्या वळणावरच ती बोलायला लागली आणि थांबेना. या जिन्याला सत्त्याहत्तर पायऱ्या. या दारात एक म्हातारी रोज उभी राहायची, तिला कधीच पत्र आलं नाही, म्हणून मीच एकदा टाकलं. अहो, इथली बेकरी कुठे गेली? हळू, हळू चालवा, इथे माझी पिशवी फाटली होती. अर्धा तास झाला. "अजून थोडं," ती म्हणाली. तासाने तो म्हणाला, परत फिरू. "अजून थोडं." आरशात त्याला तिचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा त्याने तीन वर्षांत पाहिला नव्हता. त्याने गाडी वळवली नाही. तीन तास वळवली नाही. हे त्याचं त्याने केलं, त्यात तिने कुठलीही फसवाफसवी केली नव्हती.

संध्याकाळी झोळ्यातून पलंगावर घेताना त्याला खुर्चीच्या पट्ट्यांवर ओला डाग दिसला. त्याने तिला कुशीवर वळवलं. मागच्या सालची जखम उघडली होती, रुपयाएवढी, आणि आत खोल होती. तिला तिथलं काही कळत नसे. ती भिंतीकडे तोंड करून हसत होती.

"उद्या नदीच्या बाजूने जाऊ," ती म्हणाली. "तिकडची घरं राहिलीच."

तो पट्टीचं सामान शोधत राहिला.

"ऐकलंत का?"

"उद्या नाही."

"मग परवा."

त्याने सांगितलं. किती मोठी आहे, किती खोल आहे. तिचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"म्हणजे पुन्हा चार महिने पालथं," ती म्हणाली.

"हो."

"दीड महिन्यात मान गेली. चार महिन्यांत काय काय जाईल, ते मोजलंत?"

त्याने मोजलं नव्हतं. आता मोजलं. खांदे, हात, मग आवाज. तिथवर आल्यावर त्याने मोजणं सोडून दिलं, तिच्याजवळ पलंगावर बसला आणि रडू लागला. तिला वळून त्याच्याकडे बघता येत नव्हतं.

"रडू नका," ती भिंतीला म्हणाली. "बोला काहीतरी. मला अजून बोलता येतंय तोवर."